करवंटीचा कोण

भाटघरास जावयाचें तें श्रावणांत, असा आमच्या पुण्याकडील मंडळींचा परिपाठ आहे. धरण तुडुंब भरलेलें असावें, दरवाजांतून पाण्याचा लोंढा कोसळत असावा, तो डोळे भरून पाहावा आणि भाजलेलीं कणसें खात संध्याकाळीं घरीं परतावें. आम्ही मात्र वैशाखअखेरीस जातों. जें पाहावयास आम्ही जातों, तें धरण भरलेलें असतां दिसतच नाहीं.

नीरेला मिळणारी वेळवंडी नदी येथें दोन वेळां अडविली गेली. पहिलें धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांतलें. त्याच्या तलावास व्हायटिंगसाहेबाचें नांव होतें. पुढें १९२० नंतरच्या दशकांत सध्यांचें मोठें धरण पुरें झालें, आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांचें नांव त्यास मिळालें. आतां जलाशय येसाजी कंकांच्या नांवानें ओळखला जातो, हें योग्यच झालें. भोर तेव्हां पंतसचिवांचें संस्थान होतें. तें १९४८ सालीं विलीन झालें. येथलें पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटणकडच्या उंसास जातें. साखर सर्वांनींच खाल्ली. आमच्या आजोबांचें घर मात्र त्या पाण्याखालीं गेलें. तक्रार म्हणून हें लिहीत नाहीं. पण चहांत साखर घालतांना आमचे वडील एकदां तरी तें बोलून दाखवीत.

घर दिसण्याजोगें उरलेलें नाहीं. दिसतें तें कांबरे गांवाजवळचें कांबरेश्वराचें देऊळ. वर्षांतले बहुतेक महिने तें जलाशयांत असतें; उन्हाळा सरत आला व पाणी ओसरलें म्हणजे हळूहळू वर येतें. मग पंचक्रोशींतलीं माणसें दर्शनास लोटतात. देऊळ पांडवांनीं बांधलें असें लोक सांगतात. वनवासांत पांडवांना गवंडीकामास इतकी फुरसत कशी मिळाली, हा प्रश्न शाळेंत असतां आम्ही मुलांना विचारीत असूं.

या खेपेस आम्ही, चिरंजीव, सूनबाई आणि पंधरा वर्षांचा नातू असे चौघे गेलों होतों. भाटघरास एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. नातवानें गिटार बरोबर घेतली होती; देवळापाशीं बसून वाजवीन, हा त्याचा हट्ट. नारळ फोडला, प्रसाद वाटला, आणि तारा छेडण्याची ती प्लॅस्टिकची त्रिकोणी चकती त्याच्या बोटांतून निसटून वाळलेल्या गाळाच्या भेगेंत नाहींशी झाली. त्या भेगा कांहीं ठिकाणीं हातभर खोल असतात. पोरानें काडीनें उकरून पाहिलें, मग रुपयाच्या नाण्यानें वाजवून पाहिलें. तारा कर्कश बोलूं लागल्या. त्याचें तोंड एवढेंसें झालें.

चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं प्रसादाच्या नारळाची एक करवंटी खोबरें काढून पिशवींत टाकली, दुसरी सूनबाईंनीं उचलली, आणि संध्याकाळीं स्नेह्यांकडून करवतीचें पातें, कानस व काचकागद मागून घेऊन चिरंजीव ओटीवर बसले.

सरोद वाजविणारे ज्यास जवा म्हणतात, तो करवंटीचा करितात, हें आम्हांस ऐकून ठाऊक होतें. होतांना कधीं पाहिलें नव्हतें. नारळ चांगला जून हवा. तीन डोळ्यांकडचा भाग सोडून द्यावयाचा, आणि पोटाचा, जेथें बांक कमी असेल तो तुकडा घ्यावयाचा. वरचे तंतू खरवडले म्हणजे आंतील दगडासारखा कठीण भाग लागतो. मग दोन्ही अंगांनीं घासून बांक मोडावयाचा; चिमटींत धरण्याची बाजू जाड, टोंकाकडे पातळ. फार पातळ केला तर टोंक तुटतें, जाड ठेवला तर तारेवर अडखळतो. कडा उतरत्या घासल्या म्हणजे तार अलगद सुटते. शेवटीं काचकागद, आणि वरून खोबरेल तेलाचा हात. ज्या फळाची करवंटी, त्याचेंच तेल!

आम्ही जवळ बसून पाहत होतों, आणि मनांत एक जुना शब्द घोळत होता. वीणा वाजविण्याच्या साधनास अमरकोशांत 'कोण' म्हटलें आहे. त्रिवेंद्रमास गणपतिशास्त्र्यांनीं १९१२ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या भासाच्या स्वप्नवासवदत्तांत तोच शब्द येतो. पांचव्या अंकांत उदयन आठवण काढतो कीं, आपण शिकवीत असतां वासवदत्ता आपल्याकडेच पाहत राही, हातांतला कोण गळून पडे, आणि तिचा हात नुसत्या आकाशांतच वाजवीत राही. हा श्लोक आम्हीं कित्येक वर्षें शिकविला. कोण म्हणजे वीणा छेडण्याचें साधन, असा अर्थ फळ्यावर लिहून पुढें जात असूं. तो हातांत कधीं धरला नाहीं.

सतारीची नखी तारेची असते. तिला मिजराब म्हणतात. हा शब्द अरबींतून आलेला, आणि आपली 'जरब' त्याच मुळापासूनची. मूळ अर्थ आघात. जरबेचा अर्थ मात्र आम्हांस फळ्यावर लिहून द्यावा लागत नसे.

"बाबा, पूर्वी हे कशाचे करीत?" नातवानें विचारलें.

"युरोप-अमेरिकेंत समुद्री कासवाच्या कवचाचे उत्तम मानीत," चिरंजीव मान वर न करतां म्हणाले. "त्यापायीं, आणि फण्या-डब्यांपायीं, कासवें मारलीं गेलीं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीवांचा कायदा झाला, १९७३ सालीं वॉशिंग्टनला करार झाला, आणि पुढें तो व्यापार बंद पडला. त्याच्या पुष्कळ आधीं, १९२२ सालीं, न्यूयॉर्कच्या डी'आंद्रेआनें सेल्युलॉइडचे करायला सुरुवात केली होती. सेल्युलॉइड स्वस्त. पण पेटतं फार लौकर."

हें त्यांस कोठून ठाऊक, असें नातवानें विचारलें नाहीं. आम्हांस ठाऊक होतें. पंचवीस वर्षांमागें, चिरंजीव बारावींत असतां, मित्राची गिटार त्यांनीं घरीं आणली होती. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. आम्हीं गिटार परत पाठविली, आणि त्यांच्या मुठींतला तो तुकडा काढून घेऊन न्हाणीघरांतल्या बंबांत टाकला. तो भपकन् पेटला. ते कांहीं बोलले नाहींत. आमच्या घरीं तशी रीत नव्हती. परीक्षेंत गुण चांगले पडले, आणि पुढें कित्येक वर्षें आम्ही तें आमच्या शिस्तीचें फळ म्हणून लोकांस सांगत आलों.

कंदिलाची वेळ झाली, म्हणजे पूर्वी झाली असती. स्नेह्यांनीं ओटीवरचा दिवा लावला. कोण तयार झाला होता. तपकिरी, गुळगुळीत, मध्यें एक फिकट रेघ. नातवानें वाजवून पाहिलें. आवाज प्लॅस्टिकपेक्षां मऊ, भरलेला. मग त्यानें गिटार बापापुढें केली. चिरंजीवांनीं ती मांडीवर घेतली, डावा हात तारांवर ठेवला, आणि उजवा वर धरून तसेच बसून राहिले. मग दोनच तारा छेडल्या आणि गिटार परत दिली.

सकाळीं निघतांना ती दुसरी करवंटी स्वैंपाकघराच्या कोपऱ्यांत पडलेली दिसली. आम्हीं ती धुऊन पिशवींत ठेवली.

"अण्णा, ती कशाला?" चिरंजीवांनीं विचारलें.

"हा हरवला तर दुसरा लागेल."

"करणार कोण?"

"कानस आहे घरीं," आम्ही म्हणालों. "किती जाड ठेवायचा, तेवढें तूं सांग."