एका पत्त्याचे दोन धनी

बडोद्याच्या गोत्री भागात माझ्या मामांचे हिशेब लिहिण्याचे छोटे ऑफिस आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तेथे मदतीला गेलो. कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून टॅली माझ्याकडे आली आणि तरुण पोरगा म्हणून संगणकाची बाकीची कामेही गळ्यात पडली.

ऑफिसात काम करणाऱ्या एका गुजराती बाईंना सारे 'बेन' म्हणत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून त्या घरूनच काम करीत. घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसातल्या आपल्या संगणकावर रिमोट लॉगिन करायचे आणि तेथली टॅली उघडायची, असे दोन वर्षे सुरळीत चालले होते. मी गेल्यावर आठ दिवसांत ते बिघडले आणि तेही धड बिघडले नाही. सकाळी लॉगिन होई, दुपारी होत नसे, संध्याकाळी पुन्हा होई.

वीस तारीख जवळ येत होती. जीएसटीचे ३-बी विवरणपत्र दर महिन्याला भरणाऱ्यांना २० तारखेची मुदत असते. ती चुकली की दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज! मामांनी मला तपासायला सांगितले. मी ऐटीत बेनच्या संगणकाच्या पत्त्यावर 'पिंग' केले. चारही वेळा उत्तर आले.

"आपल्याकडे सारे ठीक आहे. त्यांच्या घरचे नेट कच्चे असणार," मी निकाल दिला.

मामांनी लगेच बेनना फोन लावला. "पुढच्या महिन्यापासून रोज ऑफिसला यावे लागेल. जमत नसेल तर मला दुसरी व्यवस्था पाहावी लागेल." फोन स्पीकरवर होता. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग "सारुं, भाई" एवढेच ऐकू आले.

त्या रात्री मला झोप लागेना. बँकेचे पासबुक आणि आपले कॅशबुक जुळत नसेल तर आपण आधीच कोणाला दोष देत नाही. दोन्हीकडच्या नोंदी समोरासमोर ठेवून खुणा करतो. सकाळी मी बेनना लॉगिन झाल्याच्या आणि न झाल्याच्या वेळा लिहून ठेवायला सांगितले. इकडे ऑफिसात काय केव्हा चालू-बंद होते ते मी टिपू लागलो. तीन दिवसांनी दोन्ही कागद शेजारी मांडले. बेनचे लॉगिन अडे तेव्हा तेव्हा इकडे नवा प्रिंटर चालू असे. मामा काटकसरी, छपाई झाली की बटण बंद करीत.

तो प्रिंटर मीच जोडला होता.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला स्वतंत्र आयपी पत्ता लागतो. लक्षात ठेवायला सोपा म्हणून शेवटी ५० असलेला पत्ता मी प्रिंटरला दिला होता. आधी पिंग करून पाहिले होते, उत्तर आले नव्हते. पण तो रविवार होता. बेनचा संगणक बंद होता, आणि ५० हा त्याचाच पत्ता होता! "हा पत्ता कोणाचा?" असे नेटवर्कवर विचारण्याची 'एआरपी' ही रीत १९८२ सालची आहे. दोघांनी "माझा" म्हटले तर ज्याचे उत्तर नोंदले जाईल त्याच्याकडे टपाल जाते. त्या दिवशी माझ्या पिंगला उत्तर देत होता तो प्रिंटर! खात्रीसाठी त्या पत्त्यामागचा यंत्राचा बारा अक्षरी मूळ क्रमांक पाहिला. प्रिंटर चालू असताना एक क्रमांक, बंद केल्यावर दुसरा.

पत्ता बदलायला पाच मिनिटे लागली. आता गप्प बसलो असतो तर कोणाला काही कळले नसते. बेनच्या घरचे नेट सुधारले, असे सर्वांनी मानले असते. पण वहीतली चूक खोडायची नसते, दुरुस्तीची नोंद करायची असते, असे आम्हाला शिकवतात. मी मामांना सारे सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी बेनना फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला.

"मारी भूल हती, बेन," मी कसेबसे म्हणालो.

रोज यायची अट मामांनी त्याच फोनवर मागे घेतली. विवरणपत्रे वेळेत गेली. निघण्यापूर्वी मी सर्व यंत्रांच्या पत्त्यांची यादी करून भिंतीवर लावली. पहिलीच ओळ आहे : ५० – बेन.