जेटीवरची टिपणं

आगरदांड्याची जेटी. फेरी अजून दिघीच्या काठाला. शेजारचा कॉलेजातला पोरगा मोबाइलवर अमेरिकन बास्केटबॉल बघतोय. मधेच विचारतो, "काका, एकच कॉलेज इतकी वर्षं कसं काय जिंकतं?" फेरी येईपर्यंत वेळ आहे, वही उघडली.

*

कॉलेजच्या संघातली पोरं तीन-चार वर्षांत पास होऊन जातात. यंदा चषक उचलणारा दोन वर्षांनी नोकरीच्या रांगेत. तरीही जिंकत राहायचं, तर मागून येणारा गडी आजच तयार होत असायला हवा.

*

जॉन वूडन 1948 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं 1964 मध्ये. ते धरून 1975 पर्यंतच्या बारा हंगामांत दहा, त्यांतली सात सलग. पहिल्या दिवशी ते पोरांना मोजे घालायला शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड, फोड आला की सराव बुडाला. आपल्याकडे सोळा वर्षं थांबणारी कमिटी कुठली? दुसऱ्या वर्षीच सर बदलतात.

*

त्याच 1948 मध्ये मुंबईत कांगा लीग सुरू झाली. क्रिकेट, आणि तेही भर पावसात! ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसाही उसळतो. तिथे जो टिकला तो कुठेही टिकतो. 1958-59 पासून मुंबईने रणजी करंडक सलग पंधरा वर्षं जिंकला.

*

1974 साल मोठं गमतीचं. यूसीएलएची सात वर्षांची माळ उपांत्य सामन्यात तुटली. मुंबईची पंधरा वर्षांची माळही त्याच साली, उपांत्य सामन्यातच, कर्नाटकाविरुद्ध. मुंबईच्या वाडेकरांचा पाय घसरला आणि ते धावबाद झाले. पुढच्या हंगामात दोघेही पुन्हा विजेते.

खरी गोष्ट त्यानंतरची. वूडन 1975 मध्ये निवृत्त झाले. तेव्हापासून यूसीएलएच्या पुरुष संघाला विजेतेपद मिळालं ते एकदाच, 1995 मध्ये. मुंबईचे कर्णधार कितीतरी बदलले, तरी 2024 मध्ये रणजी करंडक बेचाळिसाव्यांदा घरी आला. एकीकडे माणूस होता, दुसरीकडे मैदानं, क्लब आणि शाळांच्या स्पर्धा.

*

आपल्या किनाऱ्यावर मागचा गडी घडवायचं हे काम कबड्डीची मंडळं करतात. भात झोडून झालं की गावाबाहेर मैदान आखलं जातं, दिवे लागतात. दिवसा त्याच मातीत बारकी पोरं मोठ्यांच्या चढाईची नक्कल करतात. कुणी शिकवत नाही, तरी शिकतात. कबड्डीत आपण समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी जिवंत होतो. म्हणून बाहेर बसलेल्यालाही डोळे उघडे ठेवून बसावं लागतं.

*

एशियाडमध्ये कबड्डी 1990 ला आली. पुरुषांचं सुवर्ण सात वेळा ओळीने भारताचं. 2018 मध्ये जकार्तात पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला. महिलांचा अंतिम सामनाही इराणने 27-24 असा घेतला. इराणच्या त्या मुलींच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन. हरल्याचं दुःख खरं, पण विद्या आपल्याच घरची होती.

*

खाडीच्या तोंडाशी राजपुरी, समोर पाण्यात जंजिरा. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केला, संभाजीराजांनी केला. किल्ला सिद्दींकडून कुणाला लढून घेता आला नाही. सिद्दींचं जंजिरा संस्थान विलीन झालं तेही 1948 मध्येच. लोक तटाचं आणि कलालबांगडी तोफेचं कौतुक करतात. मला आतले दोन तलाव मोठे वाटतात. चहूकडे खारं पाणी आणि आत गोडं. वेढा पडला तरी आतली माणसं तहानेने मरत नव्हती.

*

फेरी लागतेय. पोराला एवढंच म्हणालो, "जिंकणाऱ्याला काय बघतोस, त्याच्या मागे कोण उभा आहे ते बघ."

मंडळांना एक विनंती. यंदा फायनलच्या आधी चौदा वर्षांखालच्या पोरांचा एक सामना ठेवा. दिवे लावून, पंच नेमून, लोक बसलेले असताना.