पितळ धुणारे हात

वरणगाव म्हटले की आम्हा खान्देशी माणसांच्या डोळ्यांपुढे आयुध निर्माणी उभी राहते. भुसावळजवळचा हा कारखाना १९६४ साली सुरू झाला. बंदुकीची काडतुसे तयार करणे हे त्याचे मुख्य काम. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. काडतूस म्हणजे दारू आणि गोळी, एवढे आपण सारे जाणतो. पण दारू पोटात आणि गोळी तोंडात धरणारी जी पितळी नळी असते, तिच्याविषयी आणि ती नळी धुणाऱ्या माणसाविषयी आपण कधी बोलत नाही. आज त्याविषयी चार शब्द.

काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. जगभर रीत जवळजवळ एकच. चकतीची आधी वाटी करतात. मग ती साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांब नळी करतात. धातू साच्याला घासून फाटू नये म्हणून साबणाचे पाणी किंवा तेलकट वंगण लावावे लागते. ओढून ओढून पितळ ताठर होते, म्हणून मधे मधे तापवून ते मऊ करतात. तापवले की त्यावर काळपट थर धरतो. तो पातळ गंधकाम्लात बुडवून काढतात आणि नळी पाण्याने स्वच्छ धुतात. आपल्या घरी माय पितळी तांब्या चिंचेने घासते, तेच हे काम. चिंचेतही आम्लच असते. फरक एवढाच, की घरचे काम कोणी शास्त्र म्हणून मोजत नाही.

परदेशात हौशी नेमबाज एकदा उडवलेली काडतुसे पुन्हा भरून वापरतात. उडालेली नळी फुगलेली असते. तिला वंगण लावून साच्यात दाबतात, म्हणजे ती परत मापात येते. त्यानंतर ते वंगण काढावेच लागते. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणे हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे. तेव्हा मोबाइलवर तसली चित्रे पाहून आपल्या पोरांनी त्यात हात घालू नये. पण वंगण का काढतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

बार उडतो तेव्हा आतल्या दाबाने नळी फुगते आणि बंदुकीच्या घराला घट्ट चिकटते. मागे येणाऱ्या जोराचा काही भाग ही पकड सोसते. नळीवर तेलाचा पातळ थर राहिला तर पकड सुटते आणि तो जोर मागच्या खिळीवर जातो. तेल आत राहिले तर दारू किंवा टोपी ओलावते आणि बार फुसका जातो. शिवाय चिकट नळीला धूळ धरते, ती वेगळीच. डोळ्याला न दिसणारा थर, पण ऐन वेळी घात करणारा.

तो काढण्याच्या रीतीही पाहा. गरम पाण्यात साबणाची पूड घालून धुणे, चांगले खळबळणे आणि पूर्ण वाळवणे ही एक रीत. स्पिरिट लावलेल्या फडक्याने पुसणे ही दुसरी. तिसरी रीत ऐकून आपल्या शेतकरी वाचकांना नवल वाटेल. दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांचा भरड चुरा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा चुरा यंत्राच्या भांड्यात घालतात आणि त्यात नळ्या घोळवतात. तो चुरा तेल पिऊन घेतो. आपण जे चुलीत घालतो, ते तिकडे पितळ उजळते.

मात्र काहीही लावून धुतले असे चालत नाही. इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकू लागली. ती तबेल्याजवळ साठवलेली होती. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा यांनी पितळ फोडले होते. ओढकामाचा ताण ज्या पितळात शिल्लक राहिला आहे, त्याला अमोनिया चालत नाही. याचा नीट उलगडा शास्त्रज्ञांनी १९२१ साली केला. म्हणून अमोनिया असलेले पाणी काडतुसाला लावू नये असे जाणकार सांगतात.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण आहे. आपल्या समाजाला शतकानुशतके घाण काढण्याचे काम दिले गेले आणि ते काम करतो म्हणून आपल्यालाच घाण म्हटले गेले. कारखान्यात मात्र तेच स्वच्छतेचे काम नियमाने, मापाने, तपासणीने होते. तिथे धुणारा चुकला तर सीमेवरच्या जवानाच्या हातातली बंदूक चुकते. स्वच्छ करणे हे हलके काम नाही, ती विद्या आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रोप्लेटर नावाचा अभ्यासक्रम असतो. त्यात धातूवरचे तेल काढणे आणि आम्लात धुणे शिकवतात. आपल्या किती मुलांना हे माहीत आहे?

आता धुणाऱ्याच्या हातांकडे पाहू. जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत प्रेसवर आणि लेथवर काम करणारी आपली मुले दिवसभर तेलात हात घालतात. पाळी संपली की रॉकेलने किंवा थिनरने हात पुसतात. विहारात हात जोडताना आम्ही असे तडकलेले तळवे कितीदा पाहिले आहेत. विचारले तर उत्तर मिळते, "भाऊ, काम आहे, चालायचेच." चालायचे नाही! थिनर धातूवरचे तेल काढतो तसे कातडीचे स्वतःचे तेलही काढतो. मग कातडी फाटते, खाज सुटते, इसब होतो. साबण आणि पाण्याने हात धुवावेत, कोरडे करून त्यांना खोबरेल लावावे. तेल-आम्लाच्या टाकीवर हातमोजे घालावेत, पण फिरत्या यंत्रावर घालू नयेत, ते हाताला ओढून नेतात. आम्ल पाण्यात सोडावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. आणि माताभगिनींनो, कामाचे तेलकट कपडे लेकरांच्या कपड्यांबरोबर भिजवू नका.

धुण्याची सोय मागणे म्हणजे भीक नव्हे. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४२ व्या कलमाने हातपाय धुण्याची सोय करणे मालकाला बंधनकारक केले. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार संहितेतही ही जबाबदारी कायम आहे. साबण, पाणी, मोजे मागताना मान खाली घालू नका. एकट्याने मागण्यापेक्षा चौघांनी मिळून, लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. अर्ज लिहिता येत नसेल तर विहारात या. रविवारी वंदनेनंतर आम्ही कागद-पेन घेऊन बसलेले असतो.