शस्त्र न उचलण्याची चिकित्सा

पोटावर बसलेला मार दिसण्यांत क्षुल्लक असला, तरी परिणामीं घातक ठरूं शकतो. कोठ्यांत रक्त साठून ज्याचें अंग पांढुरकें पडलें, हातपाय व मुख गार झालें, अशा रोग्यास वैद्यानें हातीं धरूं नये, असें सुश्रुतानें सद्योव्रणाच्या अध्यायांत सांगितलें आहे.

पुढें शस्त्रवैद्यक वाढलें, आणि पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटली कीं पोट उघडून ती काढून टाकावी, हा सर्वमान्य नियम झाला. पानथरीवांचूनहि मनुष्य जगतो, मग ती राखण्याचा खटाटोप कशाला, अशी समजूत होती. परंतु १९५२ सालीं किंग व शूमाकर यांनीं, पानथरी काढलेल्या तान्ह्या मुलांस भयंकर जंतुसंसर्ग झाल्याचें प्रसिद्ध केलें. १९६८ सालीं उपाध्याय व सिम्पसन यांनीं टोरोंटो येथील बालरुग्णालयाच्या अनुभवावरून दाखविलें कीं, मुलांची फाटलेली पानथरी पुष्कळदां आपोआप भरून येते. यांतील उपाध्याय हे आपले भारतीय. पुढें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत त्यांनीं मोठें कार्य केलें.

या विचाराचा प्रत्यय गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं आला. पुतण्याचा बारा वर्षांचा मुलगा सायकलीवरून पडला व हँडलचें टोंक त्याच्या डाव्या बरगडीखालीं लागलें. सीटी स्कॅनमध्यें पानथरीस चीर व पोटांत रक्त दिसलें. मात्र नाडी व रक्तदाब स्थिर होते, पोट मऊ होतें. "तूर्त शस्त्रक्रिया नको, थांबूं," असें डॉक्टर म्हणाले. मुलाची आजी, म्हणजे आमच्या वहिनी, कासावीस होऊन मला म्हणाल्या, "भाऊजी, थांबायचें म्हणजे नुसतें हात जोडून बसायचें का?"

प्रश्न रास्त होता, व उत्तर पुढील तीन दिवसांत सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें. तासातासाला नाडी व रक्तदाब पाहिला जाई. वरचेवर रक्त तपासलें जाई, पोट चांचपलें जाई. जुळणारें रक्त आणून ठेविलें होतें; शस्त्रक्रियागृह सज्ज होतें. स्राव वाढता, तर त्याच घटकेस पोट उघडलें असतें. तसा प्रसंग आला नाहीं. सहाव्या दिवशीं मुलगा पानथरीसह घरीं परतला. धांवणें, खेळणें व सायकल मात्र तीन महिने वर्ज्य झालीं.

या चिकित्सेस मर्यादा आहे. नाडी धांवूं लागली व रक्तदाब उतरत चालला, किंवा आंतडें फुटून पोट लांकडासारखें ताठरलें, तर शस्त्रावांचून गत्यंतर नाहीं. म्हणून थांबावयाचें कीं नाहीं हें डॉक्टरांनीं ठरवावें, आणि थांबणें तें रुग्णालयांतच.

घरच्या वडीलधाऱ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें: पोटास मार लागलेल्या मुलाचें पोट मायेनेंहि चोळूं नये, शेकूं नये, त्यास दूध-पाणी देऊं नये. घेरी आली, अंग गार पडलें किंवा खांद्यास मार नसतां डावा खांदा दुखूं लागला, तर आंत रक्त वाहत असल्याचा संशय धरावा. वरून जखम दिसत नाहीं म्हणून सकाळची वाट पाहूं नये. थांबण्याचा अधिकार, तपासणी झाल्यानंतरचा आहे.