काठाकाठाने

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला, की पुण्यातल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. धरणं भरलेली असतात, थंडी अजून बोचरी झालेली नसते, मुलांना सुट्टी असते आणि कुणीतरी म्हणतं, ‘कुठेतरी पाण्यावर जाऊ या.’ मग नावं पडायला लागतात. पानशेत, पवना, मुळशी, तापोळा, बामणोली, भिगवण. कुणाला स्पीड बोट हवी असते, कुणाला तंबूतली रात्र, तर कुणाला नुसतं पाण्याकडे बघत चहा प्यायचा असतो. मी मात्र दरवर्षी एकच विचारते आणि घरातले आता त्याला सरावलेत. काठ कसा आहे? आणि बोट काठाच्या किती जवळून जाते?

जलाशयाचा मध्य सगळीकडे सारखाच. वर आभाळ, खाली पाणी आणि इंजिनाचा आवाज. पाच मिनिटांत डोळे दमतात. जे काही बघण्यासारखं असतं ते काठावर असतं. पाण्यात उतरलेल्या म्हशी, उपसा मोटारींचे काळे पाइप, वाळत घातलेली जाळी, कपडे धुणाऱ्या बायका, खडकावर पंख पसरून बसलेला पाणकावळा, गवतातून खाली आलेली एखादी पाऊलवाट. आणि ही पाऊलवाट थेट पाण्यात शिरते तेव्हा तर मला तिथून हलवत नाही. ती पुढे कुठे जात होती?

आपल्याकडे हा प्रश्न पडतोच, कारण पुण्याच्या भोवतीचं मोठं पाणी हे सगळं अडवलेलं पाणी आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून त्याचं पाणी नळाने शहरात आणलं, आंबील ओढा अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. त्या तळ्यात बेट होतं, बेटावर गणपती बसला आणि पेशवे तिथे नौकाविहाराला जात असं सांगतात. सारसबागेच्या हिरवळीवर आज आपण भेळ खातो ती जागा म्हणजे त्या तळ्याचा तळ. पुढे इंग्रजांनी खडकवासल्याला मुठा अडवली. १८७९च्या सुमारास ते दगडी धरण पुरं झालं आणि फाइफ नावाच्या अभियंत्यावरून त्या पाण्याला लेक फाइफ म्हणू लागले. आजही चौपाटीवर कणीस खाताना समोरच्या अंगाला कधीकधी एनडीएच्या छात्रांची पांढरी शिडं दिसतात. ती फक्त लांबून बघायची.

पानशेतचं मी थोडक्यात सांगते. तिथे बोटी आहेत, वेग आहे, तरुण मुलांना मजा येते आणि ती त्यांनी जरूर करावी. माझ्या आईला मात्र त्या पाण्यावर जायचं नसतं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली आल्या. आई तेव्हा शनिवार पेठेत राहणारी शाळकरी मुलगी होती. ती पुराबद्दल फारसं बोलत नाही. पानशेतचं नाव निघालं की ‘तुम्ही जा’ एवढंच म्हणते आणि दुसऱ्या कामाला लागते. मुळशीवर माझंच मन रमत नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे मावळातले शेतकरी ज्या जमिनींसाठी उभे राहिले, त्या तिथे तळाशी आहेत, हे धुक्यातल्या त्या देखण्या पाण्याकडे बघताना मला विसरता येत नाही.

मग राहतात बामणोली आणि भिगवण. माझं प्रेम या दोन काठांवर आहे.

बामणोलीला जायचं ते साताऱ्यावरून, कासच्या पठाराला वळसा घालून. घाट उतरताना झाडांमधून शिवसागर दिसायला लागतो. कोयनेचं हे पाणी कोयनानगरच्या धरणाने अडवलेलं. पुढे ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज देऊन वाशिष्ठीला मिळतं. बामणोलीच्या धक्क्याला लाकडी लाँचेस लागलेल्या असतात. वर ताडपत्रीचं छप्पर, मध्ये धडधडणारं डिझेल इंजिन, कडेने बाकडी. वासोट्याला जाणारी मंडळी पहाटेपासून वनखात्याची परवानगी घ्यायला उभी असतात. तापोळ्याच्या बाजूने बार्जवर जीपगाड्यासुद्धा पलीकडे जातात. म्हणजे हे पाणी पर्यटकांसाठी रिकामं ठेवलेलं नाही. शाळा, दवाखाना, बाजार, लग्न, सगळं या पाण्यावरूनच होतं. जिथे गावची माणसं रोज नावेने ये-जा करतात तिथला नावाडी निवडावा, असं मला वाटतं. त्याला वारा कुठल्या खिंडीतून उतरतो हे ठाऊक असतं आणि त्याची घाई आपल्यासाठी नसते.

तिकिटाआधी मी नावाड्याला तीन गोष्टी विचारते. जॅकेटं सगळ्यांना पुरतील एवढी आहेत का, बंद होणाऱ्या बकलांसकट? नेमकं कुठून कुठे नेणार? आणि मध्ये कुठेतरी इंजिन बंद कराल का? तिसऱ्या प्रश्नावर जो हसून ‘करू की’ म्हणतो, त्याच्या लाँचमध्ये आम्ही चढतो.

एकदा असाच एक जण भेटला, चाळिशीतला. कांदाटी खोऱ्याच्या बाजूला त्याने इंजिन बंद केलं आणि लाँच आपसूक काठाकडे सरकू लागली. पाणी बरंच उतरलेलं होतं. जंगलाची हिरवी कड आणि पाणी यांच्यामध्ये तांबड्या मातीचा उघडा पट्टा होता आणि त्यावर एकाखाली एक आडव्या रेघा, पाणी जिथे जिथे काही दिवस थांबलं होतं तिथल्या. त्या रेघांमधून एक दगडी बांध खाली उतरत आला होता. नीट रचलेला, खाचराचा बांध. अर्धा कोरडा, अर्धा बुडालेला. नावाडी म्हणाला, ‘ही आमची भातखाचरं. घर आणखी खाली व्हतं. आजा वर सरकला, चुलते तिकडं ठाण्याला गेले.’ कोयनेची कितीतरी कुटुंबं अशीच विखुरली, कुणी कोकणात, कुणी सोलापूर-सांगलीकडे. काही जण डोंगरात वर सरकले. मी त्याला विचारलं, त्रास नाही का होत रोज यावरून लाँच न्यायला? तो म्हणाला, ‘रोजचं हाय.’ मग थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाला, ‘उन्हाळ्यात बांध दिसला की बरं वाटतं. हाय अजून, म्हणायचं.’

वेगाने गेलो असतो तर तो बांध आम्हाला दगडांची रांग वाटला असता. हळू जाणाऱ्या नावेचा आग्रह मी धरते तो एवढ्यासाठी.

भिगवण अगदी वेगळं. डोंगर नाहीत, घाट नाही. सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं, उसाच्या शेतांतून कुंभारगावला किंवा डिकसळला वळलं की समोर उजनीचा फुगवटा येतो. पसरट, उथळ, आभाळाएवढा. भीमेवरचं हे धरण १९८०ला पुरं झालं. सगळं मिळून सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात धरलेलं. म्हणून उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे वीस’, ‘उणे तीस’ असे मथळे येतात. पाणी असं उण्यात गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ बाहेर येतं आणि माणसं त्याच्या पायऱ्यांपर्यंत चालत जातात.

एका जागी न थांबणाऱ्या या काठानेच भिगवणला पक्षी आणले. हिवाळ्यात पाणी उतरतं तसा चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि त्या चिखलावर गर्दी होते. शेकाटे, चमचे, राखी बगळे, चक्रवाक. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. जवळच्या भादलवाडीच्या तळ्यावर वीण करणारे चित्रबलाक. आणि जानेवारीच्या पुढे रोहित.

रोहित पक्षी जवळून बघायचे तर नाव चपटी हवी आणि नावाडी कोळी किंवा भोई हवा, ज्याने या पाण्यात जाळं टाकलेलं आहे. खोल पाण्यात तो इंजिन चालवतो, उथळ लागलं की ते बंद करून बांबू हातात घेतो. बांबू चिखलात रुततो, बुडबुडे येतात, कुजक्या गवताचा वास येतो आणि नाव वीतभर पुढे सरकते. असं करत करत आम्ही एका थव्याच्या समोर आलो होतो. त्यांच्या माना खाली, चोच उलटी करून पाण्यात बुडवलेली. जिभेने पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या दातेरी जाळीतून बाहेर सोडायचं आणि शेवाळ, बारीक जीव आत ठेवायचे, हे अखंड चाललेलं. मध्येच एखादा जागच्या जागी पाय आपटतो, चिखल ढवळतो, स्वतःभोवती फिरतो आणि पुन्हा मान खाली. पायांचा रंग ओल्या गुलालासारखा.

शेजारच्या नावेतले एक गृहस्थ मोठा कॅमेरा घेऊन उभे होते. पक्षी उडाले की पंखाखालचा लाल-काळा रंग दिसतो आणि तोच फोटो त्यांना हवा होता. ते नावाड्याला म्हणाले, जरा जवळ घे, उडव त्यांना. तो विशीतला मुलगा होता. त्याने बांबू आडवा मांडीवर ठेवला आणि म्हणाला, ‘साहेब, ती सकाळपास्नं खात्यात. उठिवली की तेवढं उपाशी ऱ्हात्यात. थांबा, त्यांची त्यांनी उडतील.’ गृहस्थ खाली बसले. पक्षी काही लगेच उडाले नाहीत. आधी चालू लागले, मग पाण्यावरून धावू लागले, आणि बऱ्याच वेळाने एक रांग उठली. भिगवणला नाव ठरवताना मी त्या मुलासारखा कुणी शोधते. भाव थोडा जास्त सांगितला तरी चालतो.

त्या फेरीला आई बरोबर होती. नावाड्याने तिला दोन्ही हातांना धरून चढवलं, ‘आजी, मधी बसा,’ म्हणाला. बराच वेळ ती पाण्यात बोट बुडवून बसली होती. पाण्याला हिरवट झाक होती. तिने विचारलं, ‘हे आपल्या मुठेचं पाणी ना रे?’

तिचा हिशेब बरोबर होता. पानशेत-वरसगावचं पाणी खडकवासल्यात येतं, तिथून आपल्या नळांना. आपण ते वापरतो आणि नदीत सोडतो, सगळंच काही धुऊन-शुद्ध करून सोडत नाही. संगमावर मुळा-मुठा एक होतात, शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसला भीमेला मिळतात आणि भीमा ते सगळं उजनीत आणून सोडते. रोहितांना शेवाळ आवडतं, पण काठावरच्या माणसांना त्याच पाण्यात उभं राहावं लागतं. पूर्वी जाळ्यात येणाऱ्या कितीतरी जाती आता कमी झाल्या आणि चिलापीच जास्त मिळते, असं तिथले मासेमार सांगतात. नावाडी आईला म्हणाला, ‘व्हय आजी, तुमच्याकडूनच येतंय. मे महिन्यात वास मारतंय.’ आईने हात पदराला पुसला आणि म्हणाली, ‘आम्ही नीट वापरायला पाहिजे.’ मला त्या क्षणी जे वाटलं ते लाजेच्या जवळचं होतं. पुण्याच्या प्रत्येक माणसाने एकदा तरी या नावेत बसावं, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. आपलं पाणी पुढे कुठल्या काठाला लागतं ते बघायला.

एक गोष्ट मात्र मी आता कटाक्षाने पाळते. मे २०२४मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी नाव उजनीत संध्याकाळच्या वादळात उलटली आणि सहा जण गेले. ती रोजच्या ये-जा करणाऱ्यांची नाव होती. एवढ्या पसरट पाण्यावर वळवाचा वारा आला की आडोसा कुठेच नाही. त्यामुळे एप्रिल-मेमधली दुपारनंतरची फेरी कुणी फुकट देऊ केली तरी नको, आणि नावाडी ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही.

यंदाही दिवाळीत विषय निघाला. भाच्याला पानशेत हवं होतं, तो मित्रांबरोबर जाईल. आम्ही नोव्हेंबरात बामणोलीला जायचं ठरवलं, तेव्हा पाणी वरपर्यंत असतं, बांध दिसणार नाही. पण लाँच जंगलाच्या अगदी कडेने जाते आणि फांद्या हाताला लागतात. आईला भिगवणलाच पुन्हा जायचंय. कुंभारगावच्या त्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, ‘आत्ता यिऊ नका, धरण फुल्ल हाय, चिखल उघडा पडायला येळ लागंल. फेब्रुवारीत या, सकाळी साडेसहाला. मी आधी फोन करतो. आणि आजी येणार असतील तर सांगा, नावेत पाठ टेकायची खुर्ची बांधून ठेवतो.’