बाथचे गरम पाणी आणि चोरीला गेलेला झगा

लंडनला लेकीकडे गेलो होतो. एका दिवसात पाहून परतता येईल असे गाव कोणते, असे विचारल्यावर जावयांनी बाथचे नाव सांगितले. सकाळी पॅडिंग्टन स्टेशनावर गाडी धरली. सुमारे दीड तासात मी आणि हे बाथला उतरलो.

गावाच्या नावाचा अर्थच स्नान. येथे जमिनीतून ४६ अंश सेल्सिअस इतके गरम पाणी येते, रोज दहा लाख लिटरहून अधिक. खूप पूर्वी पडलेला पाऊस खोल खडकात मुरला, तेथे तापला आणि आता वर येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमनांनी या झऱ्यापाशी देऊळ आणि स्नानगृहे बांधली.

मोठा हौद पाहिला. तळाला रोमनांच्या वेळचे शिशाचे पत्रे अजून आहेत. पाणी शेवाळाने हिरवे झालेले. त्यात उतरायला मनाई आहे. पलीकडच्या खोल्यांत जमिनीखाली विटांचे बुटके खांब दिसले. भट्टीची गरम हवा त्यांमधून फिरवून वरची फरशी तापवीत. आमचे हे गिरणीत बॉयलरवर होते. तेथेच थबकून म्हणाले, "अगं, भट्टीवर कोण होते, ते कुठे लिहिलेय का?" रोमनांच्या राज्यात अशी कामे बहुधा गुलामांकडेच असत.

पुढे काचेच्या कपाटात शिशाचे पातळ तुकडे मांडले होते. असे सुमारे १३० तुकडे झऱ्यात सापडले. लोकांनी त्यांवर सुलिस मिनर्व्हा देवीकडे गाऱ्हाणी कोरून पाण्यात टाकली होती. बहुतेक गाऱ्हाणी चोरीची. सोलिनस नावाच्या माणसाचा अंघोळीचा अंगरखा आणि झगा गेला. चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला झोप आणि आरोग्य मिळू नये, एवढेच त्याचे मागणे. वाचून हसू आले, मग वाईटही वाटले. दुसरा झगा असता तर माणूस इतका तळतळला असता का?

बाहेर पडून रॉयल क्रेसेंट पाहिले. अर्धचंद्रासारखी ३० घरांची ही रांग १७६७ ते १७७५ या काळात बांधली. तेव्हा धनिक मंडळी पाणी प्यायला आणि मिरवायला येथे येत. गरीब आजाऱ्यांसाठी १७३८ साली इस्पितळाची स्थापना झाली. पण दाखल होताना अनामत ठेवावी लागे. बरा झाला तर घरी जायला, मेला तर पुरायला.

निघण्यापूर्वी तेथले पाणी प्यायलो. कोमट, लोखंडासारखे लागले. गाडीत हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "झगा हरवला त्याचे नाव राहिले. खोल्या तापवणाऱ्याचे नाही राहिले."