मुलासाठी ई-रीडर घ्यायचाय? आधी माझी चूक वाचा



मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. "मॅडम, पोरगा सारखा मोबाईल मागतो. वाचायला म्हणून काहीतरी घ्यावं म्हणतोय. टॅब घेऊ का ते पुस्तकासारखं रीडर?" मी घाईत होते. "रीडर घ्या, डोळ्यांना बरं," एवढं सांगून मोकळी झाले. त्यांनी बोनसच्या पैशातून ते घेतलं. जानेवारीत विचारलं तर ते कपाटात पडून होतं. "त्यात रंग नाहीत म्हणतो, मॅडम."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांच्याकडून ते यंत्र पंधरा दिवसांसाठी मागून आणलं आणि स्वतः वापरून बघितलं. खरं तर हे सल्ला देण्याआधी करायला हवं होतं.

मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. ई-रीडरच्या पडद्यात अगदी बारीक कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. विजेच्या दाबाने कोणते कण वर येतील ते ठरतं आणि अक्षर उमटतं. पान उलटतानाच वीज लागते, म्हणून चार्जिंग आठवडे टिकतं. पडद्याचा उजेड थेट डोळ्यांत येत नाही, कडेचे दिवे पानावर प्रकाश टाकतात. पण मूल ते नाकाशी धरून तासभर बसलं तर डोळे थकणारच, मग कागदाचं पुस्तक असो की यंत्र.

आणि दुसरीतलं मूल निम्मी गोष्ट चित्रातून वाचतं हो! लाल फुगा राखाडी दिसला तर गोष्टच गेली. रंगीत पडद्याचे रीडर आता मिळतात, पण रंग फिके आणि किंमत जास्त. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पण त्यांची मजा रंगीत चित्रांत आहे. त्या मोबाईलवर शेजारी बसून वाचा, नाहीतर छापून द्या.

दुसरी अडचण पाठ्यपुस्तकाची. बालभारतीचं पुस्तक पीडीएफमध्ये मिळतं, पण ते मोठं पान सहा इंची पडद्यावर मावतं कसं? अक्षरं मुंगीएवढी होतात. मोठं करावं तर पान इकडून तिकडे सरकवत बसा. ई-पब प्रकारच्या पुस्तकात मात्र अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. आणखी एक, दुकानात असतानाच त्यात एखादं मराठी पुस्तक उघडायला लावा. 'कैऱ्या', 'ज्ञानेश्वर', 'क्षितिज' नीट दिसतात का ते बघा. जोडाक्षर फुटलेलं असेल तर ज्याला आधीच जोडाक्षर जमत नाही, त्या मुलाने काय करायचं?

पण याच यंत्राने मला एक गोष्ट दाखवली. चौथीतली एक मुलगी जाड पुस्तक बघितलं की दप्तरात तोंड घालायची. ओळीवरून नजर घसरायची, वर्ग हसायचा. तिला एका ई-पब गोष्टीचं अक्षर एवढं मोठं करून दिलं की पानावर पाच-सहाच ओळी. पुस्तक किती जाड आहे ते दिसेना, किती उरलंय तेही नाही. बोट न लावता तिने तीन पानं वाचली आणि मला विचारलं, "बाई, पुढचं कसं यायचं?" अशा मुलासाठी असेल तर मी आजही रीडर घ्या म्हणेन. पहिली-दुसरीसाठी मात्र नाही.

यंत्र परत करायला गेले तेव्हा त्या वडिलांना सरळ सांगितलं की सल्ला माझाच चुकला. ते हसले. "राहू द्या मॅडम, थोरली सहावीत आहे, ती वाचेल." धाकट्यासाठी आता दर शनिवारी मी वर्गातल्या पेटीतली दोन चित्रांची पुस्तकं घरी देते. मागच्या आठवड्यातलं एक अजून परत आलेलं नाही.